बघण्याचा कार्यक्रम आणि डिझेलचं इंजिन

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा ‘गीक डे’, म्हणजे नादिष्टांचा दिवस, साजरा होतो. त्या दिवशी सगळे काळे टी-शर्ट घालून येतात. छातीवर कुठला तरी परग्रहावरचा योद्धा, हातात त्याच योद्ध्याचं चित्र असलेला मग. कॅन्टीनमध्ये केक कापतात, प्रश्नमंजूषा होते, फोटो निघतात. मी नेहमीचा चौकड्यांचा शर्ट घालून जातो आणि केक खाऊन जागेवर येऊन बसतो. एकदा मॅनेजरनं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “तुम तो बिलकुल नॉर्मल निकले यार!” मला इतकं हसू आलं की ठसका लागला. आदल्याच रविवारी मी बेंगळुरूच्या के. आर. पुरम स्टेशनात फलाटाच्या अगदी टोकाला, भर उन्हात, एका मालगाडीच्या इंजिनाची वाट बघत अर्धा दिवस काढला होता. बरोबर डबा होता, छत्री होती आणि जिवाला पूर्ण समाधान होतं.

मला रेल्वेच्या इंजिनांचं वेड आहे. प्रवासाचं नाही, इंजिनांचं. आता सगळीकडे विजेची इंजिनं आली. ती ताकदवान आहेत, स्वच्छ आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण जुन्या घाटणीचं डिझेलचं इंजिन नुसतं उभं असलं तरी धडधडत असतं, मध्येच एक ठोका चुकवतं, आता बंद पडणार असं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. ह्या ज्ञानाचा जगात कुणालाही काडीचा उपयोग नाही, हे मला मान्य आहे.

टी-शर्टवाल्यांचाही मला राग नाही. सगळ्यांना आवडतं ते आवडायला जिगर लागत नाही, एवढंच माझं म्हणणं. खरी गंमत पुढे असते. तुम्ही बोलायला लागता. पहिल्या वाक्याला समोरचा हसतो, दुसऱ्याला मान डोलावतो, तिसऱ्याला त्याचा हात फोनकडे जातो. ते तुम्हाला दिसतं, आणि तरी चौथं वाक्य तोंडातून बाहेर पडतंच. अशा बऱ्याच ठेचा खाल्ल्या की माणूस शहाणा होतो आणि हवामानावर बोलायला शिकतो. मीही शिकलो होतो.

पुण्याला आईनं माझा बायोडेटा केला त्यात छंदाच्या रकान्यात लिहिलं : वाचन, संगीत, प्रवास. मी म्हटलं, “आई, हे कोण?” ती म्हणाली, “हा लग्न ठरणारा मुलगा. छंद बायोडेटात लिहायचे असतात, नाद झाकून ठेवायचे असतात.” तिचंही चूक नव्हतं. आधीच्या एका मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिनं सहज विचारलं, “वीकेंडला काय करता?” आणि मी सांगितलं, अगदी सविस्तर. तिचं नेटवर्क गेलं ते परत आलंच नाही. माझी पस्तिशी जवळ आली होती. सणाच्या दिवशी फ्लॅटचं कुलूप काढून आत शिरायचा मला खरोखर कंटाळा आला होता. मला लग्न हवं होतं, आणि त्यासाठी रविवारचं के. आर. पुरम सोडायचीही मी मनातल्या मनात तयारी केली होती.

मल्लेश्वरमचं स्थळ आलं तेव्हा आई मुद्दाम पुण्याहून आली. घरचे मूळचे बेळगावकडचे, पण बेंगळुरूत मुरलेले. मुलगी दातांची डॉक्टर. आई नाही, वडील नोकरीतून निवृत्त झालेले. रिक्षात आईनं मला बजावलं, “इंजिन हा शब्द जरी काढलास ना, तर मी तिथूनच पुण्याची गाडी धरीन.” कुठली गाडी बरी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

घर जुनं, बैठं, मागच्या दाराशी संडास आणि गच्चीवर जाणारा दगडी जिना. वडिलांनी तोंडभर स्वागत केलं. “या, या, बसा की. स्वल्प खाऊन घ्या पहिला, बोलणं काय पळून जात न्हाई.” ताटलीत एका बाजूला उपीट आणि एका बाजूला केशरी शिरा, इथं त्याला ‘चौचौ बाथ’ म्हणतात. मुलगी समोर बसली. शांत, सरळ बघणारी. मला ती पहिल्या क्षणीच आवडली आणि त्यामुळे घाम फुटला.

सगळं छान चाललं होतं. मी हवामानावर बोललो, ट्रॅफिकवर बोललो, पुण्याच्या आणि इथल्या थंडीची तुलना केली. आई कौतुकानं बघत होती. मग मुलीनं विचारलं, “लग्नाबद्दल तुमच्या काय अपेक्षा आहेत?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तो आवाज आला.

घराच्या मागं, माडांच्या पलीकडे, मल्लेश्वरमचं रेल्वे स्टेशन आहे हे मला ठाऊक होतं. पण त्या मार्गावर वीज येऊन कितीतरी काळ झाला होता, जुनी डिझेलं तिथून केव्हाच गेली होती. आणि तरी ते आलं होतं. धडधडत, ठोका चुकवत, सावकाश. मी उठलो. स्वयंपाकघरातून मागच्या दारी गेलो आणि दोनदोन पायऱ्या चढत गच्चीवर पोचलो.

खडी वाहणाऱ्या डब्यांची गाडी होती आणि तिच्या पुढं ते. रंग उडालेला, छतातून काळा धूर. सिग्नलला थोडं थांबलं, मग जोर करून निघालं. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिलो. मग हाताकडे लक्ष गेलं. हातात उपिटाची ताटली होती.

मी खाली आलो. मुलीचे वडील हातात ताकाचा मोठा पेला घेऊन उभे होते. “घ्या, हिंग घातलेलं मज्जिगे हाय. पोट बिघडलं की आम्ही हेच घेतो. सरी होतंय, एकदम बरं.”

मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. “लहानपणापासून त्याचं पोट जरा नाजूकच आहे,” ती पदर सारखा करत म्हणाली. आईनं इंजिनापेक्षा जुलाब पत्करले होते.

मी ताकाचा पेला हातात घेतला. नुसता पिऊन टाकायचा, एवढंच काम होतं. पोट काय, कुणाचंही बिघडतं. त्यावरून कोणी स्थळ मोडत नाही. पण मुलगी सरळ माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, हिनं हो म्हटलं तर ते कुणाला? ह्या नाजूक पोटाच्या, हवामानावर बोलणाऱ्या गृहस्थाला. मग दर रविवारी मी काय, पोट धरून के. आर. पुरमला जाऊ? मला भीती वाटत होती, ती नाही म्हणेल याची, आणि तरी मी पेला खाली ठेवला.

“माझं पोट ठीक आहे,” मी म्हणालो. “मागून जुनं डिझेलचं इंजिन गेलं. ते बघायला गेलो होतो.”

आईनं डोळे मिटले.

“इंजिन?” वडील म्हणाले. “रोज जातात की हो इथनं.”

“हे नाही जात.” आणि मग मी सुटलो. आवाज कसा ओळखायचा, ठोका का चुकतो, ते कुठल्या शेडमधलं, ही इंजिनं आता का दिसत नाहीत. बोलता बोलता सवयीनं मुलीच्या हाताकडे बघितलं. फोन बाजूला होता, हात मांडीवर होते. माझाच धीर सुटला. “बास, फार झालं,” म्हणून मी थांबलो.

“थांबलात का?” ती म्हणाली. “दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात आणि एक शब्द बोलू शकत नाहीत. मला बरं वाटत होतं.”

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग ताकाकडे. “म्हणजे पोट चांगलं हाय न्हवं? मग सरी,” म्हणाले आणि तो पेला स्वतःच पिऊन टाकला.

लग्नाला आता काही वर्षं झाली. तिला इंजिनांत अजूनही रस नाही. विजेचं कुठलं आणि डिझेलचं कुठलं, हे ती दर वेळी उलटं सांगते, आणि मी दुरुस्त केलं की “तेच ते” म्हणते. रविवारी ती झोपते, मी डबा घेऊन निघतो. डबा ती आदल्या दिवशीच भरून फ्रीजमध्ये ठेवते. आई पुण्यात सगळ्यांना सांगते की जावई-सुना बघताना खरं बोलावं, आमच्याकडे तसंच झालं. मी मान डोलावतो.

आमचं भाड्याचं घर रुळांपासून फार लांब नाही. सकाळी मी दाढी करत असतो, ती स्वयंपाकघरात मिक्सरवर इडलीसाठी खोबऱ्याची चटणी वाटत असते. आमचा मिक्सर जुना, त्याच्या आवाजात गाडीच्या भोंग्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. दूरवर कुठं तरी भोंगा वाजतो आणि ती मिक्सर बंद करते. मी कधी तसं सांगितलेलं नाही, तिनंही विषय काढलेला नाही. गाडी पुरती निघून जाते, मग ती पुन्हा मिक्सर सुरू करते.