पेराशिवाय पान

ऑटो फाटकाशी येऊन थांबला, तेव्हा आई स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभी होती. एकदा उकळून निवलेलं दूध तिने पुन्हा गॅसवर चढवलं होतं आणि त्या दुधावाचून जगात दुसरं काही उरलं नसावं, अशा निष्ठेने ती पातेल्यात पाहत होती. त्या पाठीचा अर्थ मला ठाऊक होता. खिडकीच्या गजांवर चढलेल्या मनी प्लांटचा तुकडा मी चोरावा, म्हणून ती पाहत नव्हती.

आमच्या गल्लीत हा वेल कोणी मागत नसे आणि कोणी देत नसे. मागून आणलेला धरत नाही, चोरलेलाच फोफावतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. खाप्याहून लग्न होऊन नागपुरात आलेल्या माझ्या आईने तो शेजारच्या शोभाकाकूंच्या कुंपणावरून चोरला होता आणि तेवढा वेळ काकू आभाळात घारी मोजत उभ्या होत्या. पुढे कित्येक वर्षं आमच्या खिडकीशी आल्या की त्या म्हणत, "कोठून आणला वं हा वेल? अगदी आमच्यासारखा दिसून राहिला." आई चहा गाळता गाळता म्हणे, "असन कोठचा तरी. वेलाचं का, सगळे सारखेच."

त्या खिडकीत बाटल्यांची रांग असे. लोणच्याची रिकामी बरणी, खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली, काठ फुटलेला पेला. उजेडाने पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून प्रत्येकीला वर्तमानपत्राचा अंगरखा. उन्हाळ्यात बाहेरचं अंगण तव्यासारखं तापलेलं असताना कूलरमधून भिजल्या वाळ्याचा गंध येई, आणि आई एकेक अंगरखा उतरवून, मुळं उजेडाकडे धरून पाही. पांढरी, ओली, दुधाच्या दातांसारखी कोवळी मुळं. "पाय फुटले," ती म्हणे. तिच्यासाठी ती मुळं नव्हतीच, पाय होते.

त्या सकाळी ऑटोवाल्याने भोंगा वाजवला आणि मी घाईने जे हाताला लागलं ते खुडलं. ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. आईने वळून विचारलं, "झालं सगळं घेऊन?" मी म्हटलं, "झालं." गाडी रात्रभर दक्षिणेकडे धावत राहिली आणि मी पर्सवर हात ठेवून बसले होते, आत कोणी झोपलं असावं तशी.

बंगळुरूच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पान काचेच्या ग्लासात ठेवलं. त्याला पाय फुटले. मी लिफ्ट, टँकर, मेंटेनन्स, "स्वल्प अॅडजस्ट माडी" म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं सगळं शिकत गेले. पान मात्र होतं तेवढंच राहिलं. ना कोंब, ना दुसरं पान. शेवटी आईला फोटो पाठवला. फोनवर ती हसत सुटली.

"अव बापा, नुसतं पानच नेलं न तू. पेर काहून नाही घेतलं? डोळा पेरावर असते वं. हे आता असंच राहीन. मरणार नाही अन् वाढणारही नाही."

वेलाच्या ज्या गाठीतून पान आणि नवा कोंब निघतो ते पेर. त्याच्या खालून तोडायचं असतं. चोरीच्या गडबडीत मला ते सुचलं नव्हतं. दिवाळीला गेले तेव्हा आईने पुन्हा पाठ केली आणि मी नीट, पेरासकट चोरलं. तो वेल आज माझ्या पडद्याच्या दांडीवरून बाल्कनीच्या दारापर्यंत पोचला आहे.

गेल्या उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीने पाणी भरताना आई अंगणात पडली. हाड जुळलं, पण उजव्या हाताची थरथर राहिली. मी तिला इकडे आणलं. नागपूरचं घर कुलुपात राहिलं आणि एक दिवस काकूंचा फोन आला, "खिडकीतून दिसते वं, पार वाळून गेला तुमचा वेल." काकूंचा मूळ वेल तर त्यांच्या घराची फ्लॅट-स्कीम झाली तेव्हाच उपटला गेला होता. आईने ऐकून घेतलं आणि ती कितीतरी वेळ माझ्या वेलाची पानं ओल्या फडक्याने पुसत बसली.

तिचं इथे मन लागलं नाही. मे महिन्यात स्वेटर घालून ती बाल्कनीत बसे आणि म्हणे, "हा कायचा उन्हाळा?" कामाला येणाऱ्या बाईशी ती तासभर हिंदीत बोले, ती बाई कानडीत उत्तरं देई. परत जायचा विषय निघाला की मी तिच्या हाताकडे बोट दाखवी. कपातला चहा बशीत सांडत असतानाही ती ठाम असे.

"माझे हात मले माहीत आहेत. या हातानं लावलेला वेल कधी मेला का, सांग? घरी गेली की पह्यले खिडकीत बाटली लावते. मंग पाहजो."

निघायच्या सकाळी खाली कॅब उभी होती. मी गॅसकडे वळले आणि तापलेलं दूध पुन्हा तापत ठेवलं. समोरच्या मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेत आई दिसत होती. तिची बोटं वेलावर चाचपडत होती. पेरापाशी आली, घसरली, पुन्हा आली, पुन्हा घसरली. मग कॅबवाल्याचा फोन वाजला आणि तिने हिसका दिला. हातात आलं ते देठासकट एक पान. पेर वेलावरच राहिलं. तिने ते पान ओल्या रुमालात असं गुंडाळलं, जसं मला कधी दुपट्यात गुंडाळलं असेल.

मी वळू शकले नाही. बोलले असते तर चोरी मोडली असती. हातात दिलेला वेल तिच्या लेखी धरत नाही. आणि चुकलं काय ते सांगायचं, तर त्या हाताबद्दल सांगावं लागलं असतं, ज्याच्या भरवशावर ती एकटीच्या घरात परत निघाली होती.

"झालं सगळं घेऊन?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

माझ्यासारखे जे निघून आले आणि ज्यांचं कोणी मागे राहिलं, त्यांना घराबद्दल विचारलं तर ते अंगण सांगतील, चव सांगतील. मला आता फक्त ती खिडकी दिसते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई बाटलीचा कागदी अंगरखा उतरवते आणि बाटली फोनसमोर धरते. पडद्यावर पाणी हलतं, मुळं हलतात, खिडकीचे गज हलतात. मधोमध ते एकच पान, हिरवंगार.

"पाय पाह्य किती फुटले. पेर पाहूनच तोडलं होतं मी, तुझ्यासारखं नाही."

"हो, आई."

"आता कोंब येईनच. आला की पह्यले तुलेच दाखवीन."

मी विचारते, पाणी बदललंस का. ती म्हणते, बदललं न, रोज बदलते.