पंचाची सही

मंडळी, आज सकाळी पंच म्हणून पोलीस ठाण्यात गेलो होतो. तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये.

पंचवटीत आमच्या शेजारी एक काकू एकट्याच राहतात. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसानं त्यांना फसवलं. पुरावा म्हणजे त्यांचंच चॅट. काकूंनी स्वतः फोनचं लॉक उघडून दिलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

हवालदारांनी प्रिंट माझ्यापुढे ठेवल्या. "वाचा, मग सही करा."

पहिल्याच पानावर वरती होतं, हे मेसेज तुम्हा दोघांशिवाय कोणीही वाचू शकत नाही. ते वाचणारा मी बहुतेक चौथा.

"जेवलात का?"

"हो, पिठलं केलं होतं. तुम्ही?"

पानंच्या पानं हेच. त्यांना रोज हे विचारणारा तेवढा एकच होता, आणि तोही चोर निघाला.

येताना स्कूटरवर मागून काकूंनी हळूच विचारलं, "तू वाचलंस का रे सगळं?"

"नाही हो काकू. नुसत्या सह्या केल्या."

"बरं झालं बाई," म्हणाल्या.

पंचनाम्यात मात्र माझ्या सहीच्या वर छापलंय, 'समक्ष वाचून सही केली.'

तुम्ही काय सांगितलं असतं?