इयत्ता तिसरी, माप बत्तीस

भाग्यलक्ष्मीला आमच्या कारखान्यात सगळे भाग्यक्का म्हणतात. यशवंतपूरला तयार कपड्यांचा कारखाना आहे, तिथं ती बावीस वर्षं कटिंगच्या टेबलावर आहे. मूळची चिकोडीकडची, घरात मराठी, बाजारात कन्नड. मी चेकिंगला. शिवून आलेल्या कपड्यांत चुका शोधायच्या, हे माझं काम. पंधरा वर्षांत भाग्यक्काच्या कापण्यात मला एकही चूक सापडली नव्हती. सकाळी टेबलाला हात लावून कपाळाला लावायची, कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायची आणि मशीन अशी फिरवायची की वरचा तुकडा आणि तळचा तुकडा जुळे वाटावेत.

गेल्या वर्षी होसकोट्याजवळच्या बांधकाम मजुरांच्या वस्तीतल्या मुलांना शाळेचे गणवेश शिवून द्यायचं कारखान्यातल्या सगळ्यांनी ठरवलं. मुलांची नावं वर्षाच्या मध्येच शाळेत घातलेली, त्यामुळे त्यांना गणवेश मिळालेला नव्हता. प्रत्येकानं एक दिवसाचा पगार कापडासाठी दिला. दोन शनिवार पाळी संपल्यावर थांबून चौसष्ट गणवेश शिवायचे होते. एच.आर.च्या सुधींद्र सरांनी विचारलं, "भाग्यक्का, मापं घ्यायला जायला हवं का?"

"कशाला सर? इयत्ता सांगा, माप मी सांगते. तिसरी म्हणजे सव्वीस नंबर."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. आमच्या कामात माणूस दिसतच नाही, नंबर दिसतो.

वाटपाच्या शनिवारी आम्ही वीसजण बसनं गेलो. पत्र्याच्या खोल्यांपुढं सतरंजी घातली. मुलांनी गणवेश घालून इयत्तेप्रमाणं उभं राहायचं, मग फोटो, असं ठरलेलं. तिसरीच्या रांगेत कस्तुरी आली आणि हशा पिकला. ती चांगली बारा वर्षांची. आईबाप कामामागं गावोगाव फिरणारे, शाळा सुटत-लागत गेलेली, म्हणून अजून तिसरीत. झगा मांडीच्या वर, खांद्यात आवळलेला. आमच्यातलाच कुणीतरी म्हणाला, "अरे, ही तिसरीत की मास्तरीण?"

तेवढ्यात तिसरीचा फोटोही निघाला आणि कस्तुरी पळत आत गेली. बाकीचे फोटो काढून झाले, लाडू वाटून झाले, ती काही बाहेर आली नाही. तिची आई तानूबाई, बिदरकडची. ती झगा घडी करून घेऊन आली आणि भाग्यक्काच्या हातात ठेवला.

"ठेवा अक्का, दुसऱ्या कुणाला व्हईल. ती म्हणतीया आता शाळंलाच जायाची न्हाई. घरी ऱ्हाऊन बारकीला सांभाळती म्हणं."

"सोमवारी पाठवा की. नव्या कपड्याविना गेली तर काय होतंय?" भाग्यक्का म्हणाली.

"आता सगळी पोरं हसल्यात. कशी जाईल?"

भाग्यक्कानं तिथंच झगा उलटा केला. घरी शिवलेल्या कपड्यात आत चार बोटं कापड मुडपून ठेवतात, पोर वाढलं की सोडायला. कारखान्यात असं कापड ठेवणं म्हणजे नासाडी. आत अर्धा इंचही नव्हता. ती बराच वेळ शिवण चाचपत राहिली. मला वाटलं, पंधरा वर्षांनी चूक सापडली, आणि ती मी शोधली नाही.

बस सुटायला आली होती. भाग्यक्का मला म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर," आणि खोलीच्या दारात जाऊन सरळ जमिनीवर बसली.

"कस्तुरी, बाहेर ये गं. टेप आणलीय."

"मला नको."

"तू जास्त वाढली नाहीस. मी न बघता कापलं. बावीस वर्षं कटिंग करणारा मास्तर आणि माप न घेता कापतो! आता हस मला."

थोड्या वेळानं कस्तुरी दारात आली. भाग्यक्का गुडघ्यांवर उभी राहिली, छाती, कंबर, उंची मोठ्यानं सांगत गेली आणि मी हातावर लिहीत गेले. छाती बत्तीस.

"गुडघ्याखाली पायजे," कस्तुरी जमिनीकडं बघत म्हणाली.

"किती?"

तिनं आपल्या पायावर बोट ठेवून दाखवलं. भाग्यक्कानं तिथपर्यंत टेप लावली. मग बसमध्ये सुधींद्र सरांना तिनं एवढंच सांगितलं, "तिसरीचा फोटो ग्रुपवर टाकू नका." सर म्हणाले, "सरी अक्का, नाही टाकत," आणि आमच्यासमोर तो फोनमधून काढून टाकला.

आणलेलं कापड संपलं होतं. रविवारी आम्ही तीन दुकानं फिरलो, तेव्हा तसाच निळा रंग मिळाला. भाग्यक्कानं घरच्या मशीनवर झगा शिवला, मी बटणं लावली. घरी सांजवात करताना माझ्या मनात आलं, आपण देवाला फूल वाहतानासुद्धा आधी देठ बघतो. आणि इथं चौसष्ट पोरांना नुसती इयत्ता विचारली. कस्तुरी पळाली म्हणून कळलं. ज्यांनी आवळलेलं तसंच घातलं, ती किती असतील?

सोमवारी दोघींनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहाटेच्या बसनं वस्तीत गेलो. कस्तुरी बारकीला कडेवर घेऊन उभी होती. तानूबाईनं बारकीला घेतलं. कस्तुरी झगा घेऊन आत गेली, ती लवकर बाहेर येईना. तानूबाई कामावर जायची थांबून राहिली. मी मनात दत्ताचं नाव घेत होते, खोटं कशाला सांगू.

ती बाहेर आली. दप्तर घेतलं आणि पुढं चालू लागली. आम्ही मागून, जरा अंतर ठेवून.

शाळेत प्रार्थनेसाठी रांगा लागल्या होत्या. तिसरीच्या रांगेत ती शेवटी उभी राहिली, पुढच्या मुलीपेक्षा पुरती दीड वीत उंच. नवा झगा नीट बसला होता, तरी तिनं खांदे पाडून, गुडघे वाकवून स्वतःला बाकीच्यांएवढंच करायला घेतलं. एका मुलानं मागं वळून पाहिलं.

भाग्यक्का फाटकाच्या गजाला धरून उभी होती. तिला राहवलं नाही.

"स्वल्प, थोडी ताठ उभी रहा गं! पक्की टीप आहे, उसवत नाही!"

बाईंनी आमच्याकडं रागानं बघितलं. कस्तुरीनंही वळून पाहिलं, लाजली, आणि मग हळूहळू सरळ उभी राहिली.