मावशीने दिवे घासले तो रविवार

माझ्या मावशीला एखादी गोष्ट करू नकोस म्हटलं, की ती दुप्पट जोमाने करते. गाडी चालवायला ती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी शिकली, तीही अशीच. काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसचं सेंटर बत्तीस किलोमीटरवर, आणि जायचं आठवड्यातून तीनदा. "या वयात आता स्टिअरिंग धरणार का?" असं माझे बाबा हसत म्हणाले आणि पुढच्याच महिन्यात तिने कुणाचीतरी जुनी गाडी दारात आणून उभी केली. कुंपणाचा एक खांब तेवढा आडवा झाला. त्यानंतर चार वर्षांत तिने एकही फेरी चुकवली नाही.

आता तीच गाडी बंद होणार होती, आणि तीही इंजिनमुळे नव्हे. तपासणीत ती दोनदा नापास झाली होती. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडून धुरकटल्या होत्या, उजेड पुरेसा पडत नव्हता. सोमवारी सकाळी तिसरी आणि शेवटची संधी होती. ती गेली की गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. त्या मॉडेलचे नवे दिवे मिळत नव्हते आणि भंगारवाल्याकडचे आमच्यापेक्षा पिवळे निघाले. गाडी तपासणीत अडकली तेव्हा शेजाऱ्यांनी एकदा काकांना नेलं, दुसऱ्या वेळी फोन उचलला नाही. त्यांना मी दोष देत नाही. म्हणजे देते, पण ते असो. डायलिसिस आठवडाभर चुकलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा मावशी गाडीपुढे स्टूल टाकून बसली होती. टूथपेस्टचा प्रयोग आदल्या दिवशीच झाला होता. गाडीला वास छान येत होता, बाकी फरक शून्य. आता तिने दिव्यांभोवती चिकटपट्टी लावली होती, बादलीत पॉलिशपेपर भिजत घातले होते. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि सतत पाणी सोडत राहायचं. शेवटी वार्निशचा फवारा. घासलेलं पांढरट पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं.

काका दारात खुर्चीवर बसले होते. चष्म्याच्या दुकानात त्यांनी सदतीस वर्षं भिंगं घासली, त्यामुळे त्यांना गप्प राहवेना.

"अगं, गोल गोल नको. एका दिशेने घास."

"तुम्ही जरा गप्प बसाल का?"

"बसलोच आहे. अजून किती बसू?"

मावशी हसली. चिडचिड करत का होईना, तिने एका दिशेने घासायला सुरुवात केली. दोन वाजेपर्यंत दोन्ही दिवे असे स्वच्छ झाले, की आतला बल्ब नवा दिसायला लागला. मावशीने कंबर धरत उठून पाहिलं आणि मला मिठीच मारली, ओल्या हातांनी.

"फवाऱ्याआधी शेवटचा हात मी फिरवतो," काका म्हणाले. "तेलकटपणा राहता कामा नये. तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काही करू म्हटलं नव्हतं. मावशीचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. तिने त्यांची खुर्ची गाडीपाशी नेली, हातात स्वच्छ फडकं दिलं आणि आम्ही आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा डावा दिवा नासलेल्या दुधासारखा पांढरा झाला होता. वरच्या थरात बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं. काकांच्या मांडीवर ॲसिटोनची बाटली होती, नेलपॉलिश काढायला वापरतात ते. दुकानात ते काचेची भिंगं त्यानेच पुसायचे.

"काका, अहो हे काय केलंत!" मी ओरडलेच.

"तू गप्प बस," मावशी माझ्यावरच खेकसली. "जन्मभर काच हाताळली त्यांनी. हे प्लास्टिक आहे, नाही राहिलं लक्षात. चुकतं माणसाचं."

ती पुन्हा खाली बसली आणि हाताला लागला तो कागद घेऊन घासायला लागली. पाव तास, अर्धा तास. दिवा तसाच. तिची बोटं सोलवटली, नाक गळायला लागलं, पण ती थांबेना. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

"चुकलं नाही," काका म्हणाले.

मावशीचा हात थांबला.

"प्लास्टिकच्या भिंगाला ॲसिटोन लावायचं नसतं, हे दुकानात पहिल्या दिवशी शिकवतात. मुद्दाम लावलं. मला आता तिथे जायचं नाही. चार वर्षं सुया टोचून घेतल्या, पुरे झालं. आणि तू पहाटे चारला उठतेस, रस्त्यात डुलक्या घेतेस, ते मला दिसत नाही का?"

"मग तोंडाने सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

मी आत जावं की थांबावं, हे मला सुचेना. मावशीने पदराने तोंड पुसलं, त्या पांढऱ्या पाण्याचा पट्टा गालभर उमटला.

"तुम्हाला जायचं नसेल," ती म्हणाली. "मला न्यायचंय. तुमच्याशिवाय या घरात मी काय करू, ते आधी सांगा. मग नाही नेत."

तिने बादलीतून कागद काढला आणि पुन्हा दिव्यावर टेकवला.

"तो नको," काका म्हणाले. "तो फार बारीक आहे, त्याने या भेगा सात जन्मांत जाणार नाहीत. आठशे नंबरचा खरखरीत घे. आणि माझी खुर्ची जरा पुढे ओढ."