शेपटीतलं बक्रम

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपीमास्तरांनी दुकान मुलाच्या हवाली केलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे सुखाने पेपर वाचतील आणि आल्यागेल्याच्या कॉलरला नावं ठेवतील. झालं भलतंच. मास्तरांना विमानांचं वेड लागलं. रिमोटवर उडणारी, हलक्या लाकडाची, दोन्ही हात पसरले तरच कवेत मावतील एवढ्या पंखांची विमानं. दुकानातलं कापडं बेतायचं मोठं टेबल मागच्या खोलीत येऊन बसलं आणि त्या खोलीतून बायकोचा पाय निघाला तो निघालाच.

पहिलं विमान जमिनीवरून उठलं आणि अकरा सेकंदांत जमिनीला मिळालं. दुसऱ्याच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. उजवीकडे वळ म्हटलं की ते डावीकडे वळायचं. असा स्वभाव घरात एकाचा असला तरी पुष्कळ होतो. ते मैदानाजवळच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटलं, तेव्हा मास्तरांच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "तिसरं करा, हौसेने करा. महिनाअखेरच्या रविवारपर्यंत मुदत. तेही पडलं, तर टेबल बाहेर आणि माझी ताई आत. कायमची."

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. एकटी राहायची आणि बॅग भरून तयारच असायची. ती घरात असली की मास्तरांना स्वतःच्या खोकल्याचाही जाब द्यावा लागे. मास्तर इरेला पेटले.

महिनाअखेरचा शनिवार उजाडला. दुपारी शेवटची जुळणी. पंख दोन बोल्टांनी अंगावर घट्ट बसले, मोटरीवर पंखा चढला, बॅटरी नाकात सरकली. रिमोट चालू करून मास्तरांनी शेपटीचा एकेक हलता भाग तीन-तीनदा हलवून पाहिला. या खेपेला उजवं म्हणजे उजवंच. आणि वरचं आवरण तर विचारू नका. ते रंगीत पातळ आवरण इस्त्रीने चिकटवायचं आणि उष्णतेने ताणून घ्यायचं असतं. इस्त्री म्हटल्यावर मास्तरांचा हात कोण धरणार? सबंध विमानावर एक सुरकुती सापडली असती तर शपथ.

तेवढ्यात घड्याळजी आले. मास्तरांचे शाळेपासूनचे दोस्त. मैदानावर प्रत्येक विमान तपासून उडवू द्यायचं की नाही, ते हेच ठरवायचे. त्यांनी विमानाला पोशाखावरून ओळखायला साफ नकार दिला. पंखांखाली पेन्सिलीच्या खुणा होत्या, तिथे दोन बोटं लावून विमान उचललं. ते सरळ तोलून राहायला हवं होतं. त्याने सावकाश शेपूट खाली टाकली आणि नाक वर करून छताकडे पाहिलं.

"मागे जड आहे," घड्याळजी म्हणाले.

"नाकात शिसं घालू."

"शंभर ग्रॅम लागेल. मग मोटर उचलणार का? तू जाऊन मागून ढकलणार? आणि असंच उडवलंस तर नाक वर काढेल आणि उलटं येऊन पडेल." घड्याळजींनी शेपटीवर टिचकी मारली. "ही एवढी घट्ट कशी? आत काय घातलंयस?"

मास्तर इस्त्रीची वायर गुंडाळू लागले.

"खरं काय ते सांगून टाका," दारातून बाई म्हणाल्या.

"बक्रम."

कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड. मास्तरांना शेपूट लेचीपेची वाटली होती.

"आणि?" घड्याळजींनी विचारलं.

"आणि काठाला दोन-दोन इंच जादा आवरण आत दाबलंय. पुढेमागे उसवून मोठं करायचं झालं तर असावं."

घड्याळजींनी चष्मा काढला. बाई मात्र फिस्सकन हसल्या. "अहो, विमानाचं पोट सुटणार आहे का!"

"हसू नकोस. चाळीस वर्षांत माझ्या हातून दाब न सोडता एक कपडा गेला नाही."

"कपडा नाही गेला. विमानं गेली."

घड्याळजींना दोस्ताची दया आली. "असं कर, उद्याचं राहू दे. शेपूट सोलून नीट कर, पुढच्या रविवारी उडवू. मी वहिनींना समजावतो."

"समजावा की," बाई म्हणाल्या. "ताईला उद्या संध्याकाळी फोन करायचाय, तेव्हा तिलाही समजावा."

"कुणी कुणाला समजावायचं नाही," मास्तर म्हणाले. "उद्या म्हणजे उद्याच."

त्यांनी ब्लेड घेतलं आणि आपल्याच हातची ती देखणी शेपूट उसवायला घेतली. आवरण सोललं, खालून बक्रम काढलं, लाकडाला धक्का न लावता गोंद खरवडला. इथवर ठीक होतं. नवीन आवरण काठाला बरोबर लावून कापायची वेळ आली, तेव्हा मात्र हात अडला. ब्लेड काठापासून दोन बोटं लांबच थांबायचं. जवळ आणलं की आपोआप मागे सरकायचं. घड्याळजींनी कापू का म्हणून विचारलं, तर मास्तर खेकसले, "हात लावू नकोस!"

मग त्यांनी दात-ओठ खाऊन ब्लेड अगदी काठाला टेकवलं आणि एका दमात ओढलं. कापलेली पट्टी खाली पडली, तिच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा काठ, पुन्हा ब्लेड. दिवेलागणीच्या आत शेपूट नवी झाली. एका कोपऱ्यात बारीकशी सुरकुती राहिली आणि मास्तरांनी ती राहू दिली. ज्यांनी ज्यांनी मास्तरांकडून शर्ट शिवून घेतलाय, त्यांना याचं मोल कळेल. घड्याळजींनी पुन्हा दोन बोटं लावली. विमान हललं, डुललं आणि सरळ तोलून राहिलं.

रविवारी सकाळी मैदानावर वारा बेताचा होता. विमान गवतावरून धावलं आणि उठलं. पहिलं वळण, दुसरं वळण. नाक जागेवर. टाकीला लांबून वळसा घालून ते परत आलं, डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं. आठ फेऱ्या झाल्या. मग उतरवताना जरा घाई झाली. चाकं आपटली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं आणि गवतात नाक खुपसून थांबलं.

बाई पदर खोचून मैदानात निघाल्या.

"वहिनी, याला उतरणं म्हणतात," घड्याळजी मागून ओरडले.

"भावोजी, तुम्ही गप्प बसा. पडलं की उतरलं, ते मी ठरवणार."

त्यांनी विमान उचललं. पंख उलटेपालटे करून पाहिले, शेपूट दाबून पाहिली, पंखा बोटाने फिरवला. मास्तर दोन पावलांवर येऊन उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"चाक गेलंय," बाई म्हणाल्या. "बाकी धड आहे. उतरलं म्हणायचं."

मास्तर विमान घ्यायला पुढे झाले.

"ताईला सांगते, पाहुणी म्हणून ये. आठ दिवस."

"आठ?"

"दहा म्हणू का?"

"आठ ठीक आहेत," मास्तर घाईघाईने म्हणाले. मग त्यांनी विमान बाईंच्या हातातच राहू दिलं, गुडघे टेकून बसले आणि चाकाची वाकलेली तार सरळ करायला लागले. बॅटरीत अजून एका फेरीपुरता जोर होता.