निशाण उभं न्यायचं की झुकवून?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पाच-सहा माणसं दर दुसऱ्या रविवारी एक उंच काठी घेऊन बंगलोरभर हिंडायला लागली, की ते आपोआप साचतात. माळ्यावर रिकामे डबे साचावेत तसे! डबे निदान भंगारवाल्याला देता येतात. हे कुणाला द्यायचे? ज्यांच्याबरोबर बसून हसायचं, त्यातले निम्मे लोक आता नाहीत. म्हणून एकदाचे सांगून टाकते.

काळ नव्वदच्या दशकातला. एका जुन्या पलटणीतले बरेच मराठी लोक निवृत्त होऊन बंगलोरला स्थायिक झाले होते. त्यांनी आपल्या पलटणीच्या आठवणीसाठी एक निशाण करून घेतलं होतं. गर्द मेंदी रंगाचं, जरीच्या किनारीचं. स्मारकावरचा कार्यक्रम असो, मंडळाचा गणपती असो, कुणा म्हाताऱ्या जवानाचा सत्कार असो किंवा कुणी वारलेलं असो, आम्ही ते निशाण इतमामाने घेऊन जायचो. पुढे बुलेट, मध्ये मॅटॅडोर, मागे दोन-तीन स्कूटरी.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होते, पुण्याहून नुकतीच आलेली. माझे वडील त्या पलटणीत होते आणि माझ्याकडे स्कूटर होती. एवढ्या क्वालिफिकेशनवर मला लगेच घेतलं!

निशाण धरायचे सुभेदार अण्णा. पिढ्यान् पिढ्या बंगलोरात राहिलेल्या मराठी घरातले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी कुठे सुरू व्हायची ते त्यांनाही कळत नसे. नियम सांभाळायचे देवधर. देवधर फौजेत कधीच नव्हते, हिशेबखात्यात होते, त्यामुळे लष्करी शिस्तीच्या बाबतीत फार कडक!

आणि तिसऱ्या वत्सलाक्का. हलसूरच्या एका गल्लीत शिवणकाम करायच्या. निशाणाची किनार उसवली की ते पिशवीत घालून त्यांच्याकडे जायचं. त्यांचा नवरा याच पलटणीत नाईक होता. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. गेला असं कुणी कधी कळवलं नाही, सापडला असंही नाही.

आता आमचा नियम ऐका. माणूस जिवंत असेल तर निशाण त्याच्या फाटकापाशी ताठ उभं राहायचं आणि तो चालत बाहेर यायचा. माणूस गेलेला असेल तर निशाण झुकवून घरात न्यायचं, थेट त्याच्या फोटोपर्यंत. अक्कांच्या घरी बाहेर यायला नवरा नव्हता, आणि झुकवून आत न्यावं तर तो गेलेला नव्हता. त्यामुळे आम्ही तिथे निशाण नेतच नव्हतो.

‘‘पिशवीतनं धा वेळा आलं की ते माझ्याकडं,’’ अक्का म्हणायच्या. ‘‘एकदा काठीवर आणा.’’

‘‘बघू या, अक्का. ठरवू या,’’ देवधर म्हणायचे.

* * *

निवडणुकीचे दिवस होते. ट्रॅफिक पोलिसाने आमची वरात अडवली. निशाण खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि अण्णांना विचारलं, ‘‘याव पार्टी?’’ म्हणजे, कुठली पार्टी?

अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘सत्तवर पार्टी, सार.’’ मेलेल्यांची पार्टी!

पोलीस गडबडला. मग अण्णांनी त्याला दोन वाक्यांत पलटण, लढाया, गेलेली माणसं, सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता सरळ उभा राहिला. टाचा जुळवून त्याने निशाणाला असा कडक सॅल्यूट ठोकला की मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न बंद केले. माझ्या अंगावर काटाच आला.

मग त्याने हात खाली घेतला आणि म्हणाला, ‘‘लायसन्स?’’

* * *

इंदिरानगरात एक कॅप्टनसाहेब राहायचे. पंच्याऐंशी उलटलेली. अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी आम्ही निशाण उभं केलं आणि देवधरांनी आत निरोप पाठवला, साहेबांनी खिडकीतून पाहिलं तरी चालेल, नियमात सूट आहे.

आतून ओरडण्याचा आवाज आला. सूट हा शब्द साहेबांना मानवला नव्हता!

मग ते निघाले. वरांड्यातून फाटकापर्यंत जेमतेम वीस पावलं, पण ती चालायला त्यांना किती वेळ लागला असेल! अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर कोट, कोटावर मेडल्स, आणि कवळी आत राहिलेली. मागे त्यांच्या पत्नी खुर्ची घेऊन. साहेब थांबले की त्या खुर्ची पुढे करायच्या, साहेब तिला काठीने बाजूला ढकलायचे.

अखेर समोर येऊन उभे राहिले. अण्णांचे डोळे भरून आलेले. साहेबांनी निशाणाकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि बिनदातांच्या तोंडाने खेकसले, ‘‘काठी सरळ धर, गाढवा!’’

परतताना अण्णा मॅटॅडोरमध्ये एकटेच हसत होते. म्हणाले, ‘‘रिटायर होऊन एवढी वर्षं झाली. आज बरं वाटलं.’’

निघताना साहेबांच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘परत आणाल का हो? चार महिन्यांनी उठलेत आज.’’ मी म्हटलं, नक्की. पण मधे गणपती आले, मग दिवाळी, मग कुणाच्या कुणाच्या रजा. पुन्हा गेलो तेव्हा त्या फाटकाच्या जागी पत्रे ठोकलेले होते आणि आत अपार्टमेंटचा पाया खणत होते. बाई कुठे राहायला गेल्या ते शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही.

* * *

कोरमंगलाचे क्रॉस आणि मेन, म्हणजे तिथले नंबरवारी आडवे-उभे रस्ते, ज्याला कळले त्याला आयुष्यात काही अवघड नाही. तिथे एक हवालदार मोरे होते. त्यांच्या घरी कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला देवधरांनी फोन केला. नंबर शेजारचा होता, शेजारणीने उचलला. ती कानडीत म्हणाली, ‘‘होगबिट्टरु.’’

म्हणजे, गेले. आता ‘गेले’ या शब्दाचं कानडीत काय आणि मराठीत काय, एकच दुखणं आहे. देवधरांनी फोन ठेवला आणि हार आणायला सांगितला.

निशाण झुकवून, माना खाली घालून आम्ही दाराशी पोचलो. दाराला कुलूप. आम्ही तसेच उभे. एवढ्यात रिक्षा थांबली आणि तीतून मोरे उतरले, हातात म्हैसूरच्या मिठाईचा खोका!

झुकवलेलं निशाण बघून त्यांना सगळं एका क्षणात कळलं. देवधर पांढरेफटक. मोरे पुढे आले, त्यांनी मान वाकवली आणि म्हणाले, ‘‘आणलाच आहे तर घाला की. वाया कशाला घालवायचा?’’

हार गळ्यात घालून त्यांनी आम्हाला सगळ्यांना मिठाई खायला घातली.

पुढे दीड-दोन वर्षांनी मोऱ्यांकडून फोन आला. या वेळी त्यांची मुलगी होती. म्हणाली, ‘‘बाबा गेले.’’

देवधरांनी सवयीने विचारलं, ‘‘कुठे?’’

फोन ठेवून त्यांनी हार आणायला सांगितला. मोरे असते तर या विनोदाला तेच सगळ्यात जास्त हसले असते.

* * *

मंडळाच्या गणपतीत निशाणाचा मान संध्याकाळी सातला होता. पण अंताक्षरी रंगली. निशाण खाली टेकवायचं नाही आणि भिंतीला उभं करायचं नाही, म्हणून अण्णा स्टेजच्या बाजूला काठी धरून उभे राहिले. म, म, म करत दोन्ही पार्ट्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या.

अक्का अण्णांच्या शेजारी उभ्या. अण्णांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्या त्यांना कपाने कॉफी पाजत होत्या. ‘‘स्वल्प गरम आहे हं, अण्णा.’’

तेवढ्यात नव्याने नोकरीला आलेला, मुंबईचा एक मुलगा जवळ आला. निशाण निरखून कौतुकाने म्हणाला, ‘‘काका, मस्त आहे! कुठल्या टीमचा?’’

अण्णांच्या तोंडात कॉफी होती. उत्तर अक्कांनी दिलं, ‘‘आमच्या. आमचा एक प्लेयर अजून आत आला नाही बघ.’’

मुलगा ‘ओके, ऑल द बेस्ट’ म्हणून गेला. आम्ही हसलो. अक्काही हसल्या. आज वाटतं, तेव्हा हसण्याऐवजी कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

* * *

स्मारकावर दरवर्षी जायचो. नवी फरशी बसवली असेल तर तिच्यावर शहिदांची नवी नावं असायची, पूर्वी राहून गेलेली. निशाण झुकलं, बिगुल झाला की घरचे लोक पुढे होऊन आपापलं नाव शोधायचे. नाव सापडलं की त्याच्यावरून बोट फिरवायचे आणि तिथेच रडायचे.

अक्का सगळ्यांच्या शेवटी जायच्या. चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवून अगदी तळापर्यंत वाचायच्या. मग पदर सावरत परत यायच्या, चेहरा उजळलेला.

‘‘यंदापण नाही!’’ मला हळूच सांगायच्या. नापासांच्या यादीत पोराचं नाव नाही म्हटल्यावर आईने सांगावं, तशा.

मग स्वतः करून आणलेली चकली सगळ्यांना वाटायच्या. 

* * *

अक्कांच्या घरी निशाण न्यायचं की नाही, यावर एकदा रीतसर मीटिंग झाली. अण्णांच्या घरी. उप्पीट करायला अर्थात अक्काच!

देवधर म्हणाले, ‘‘माझा विरोध नाही. पण बेपत्ता ही कॅटेगरीच आपल्याकडे नाही. उभं नेलं आणि उद्या वाईट बातमी आली तर? झुकवून नेलं आणि उद्या माणूस परत आला तर?’’

‘‘पंचवीस वर्षं झाली, देवधर,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘म्हणून तर! मग झुकवा. सांगता का तसं त्यांना?’’

 शेवटी बुलेट चालवणाऱ्या आमच्या इंजिनिअराने तोडगा काढला. ‘‘अर्धं झुकवू. पंचेचाळीस अंश!’’

देवधरांना ते पटायला लागलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाल्या, ‘‘पंचेचाळीस अंश म्हणजे काय? आजारी आहेत का ते?’’

सगळे हसत सुटले. देवधरही. हसता हसता उप्पीट आलं आणि तो विषय पुढच्या मीटिंगवर गेला. पुढच्या मीटिंगला तो कुणी काढलाच नाही. नियम आमचाच होता, आम्हीच तो केला होता, पण तो मोडायचं धाडस फौजेतल्या माणसांनाही झालं नाही. याची चुटपुट मला अजून आहे.

* * *

मग अण्णांचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. निशाण दुसऱ्या कुणाकडे द्यायचं ठरलं आणि देवधरांनी विचारलं, ‘‘अण्णा, शेवटचं कुठे नेऊ या? स्मारकावर?’’

अण्णा म्हणाले, ‘‘हलसूर.’’

‘‘पण अण्णा, ते कसं न्यायचं हे अजून आपलं...’’

‘‘उभं घेऊन निघतो. पुढचं पुढे बघू, सरी? ठीक आहे?’’

रविवारी सकाळी निघालो. गल्लीत मॅटॅडोर शिरेना, म्हणून चालत गेलो. पुढे अण्णा, काठी छातीशी धरलेली, दोन्ही बाजूंनी आम्ही. बायका नळावरच्या घागरी सोडून बघत उभ्या राहिल्या.

अक्का दारात होत्या. नवी साडी, केसांत भरगच्च मोगरा, हातात ताम्हण. आम्ही थांबलो. निशाण ताठ उभं होतं. अक्कांनी पुढे येऊन ओवाळलं. मग भाकरतुकडा घेतला, निशाणावरून तीनदा उतरवला आणि दूर टाकला. परगावाहून घरी आलेल्या माणसावरून टाकतात तसा. देवधरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘‘आत आणा,’’ अक्का म्हणाल्या.

अण्णा दोन पावलं पुढे झाले आणि थांबले. जुनं घर, ठेंगणी चौकट. निशाण उभं आत जाणं शक्यच नव्हतं. आत न्यायचं तर झुकवावं लागणार, आणि झुकवणं म्हणजे काय हे त्या गल्लीत आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांना तर सगळ्यात जास्त.

अण्णांच्या हातात काठी थरथरत होती. ते झुकवेनात आणि मागेही सरेनात. 

अक्कांनी ताम्हण खाली ठेवलं. उंबऱ्यावर चढून हात उंच केला आणि चौकटीच्या वरच्या लाकडाला तळवा आडवा लावून धरला. अण्णांकडे त्या बघतही नव्हत्या. निशाणाकडे बघत होत्या.

‘‘अहो, वाकून या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दर वेळी लागतं तुम्हाला.’’