शिट्टीशिवाय मागे नाही

१२ मे. त्या दिवशी काम होतं तळ्यातला गाळ वाहून पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडच्या एका शेतात टाकण्याचं. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाचा काळा गाळ लोक हलक्या जमिनीवर पसरतात. तळ्यात पोकलेन भरून देतं, आमचं टिप्पर वाहून नेतं. टिप्पर आमचे हे चालवतात. मागे उभी राहते मी.

मागे उभं राहणं हेही काम आहे, हे कुणाला पटत नाही. क्लिनर आमच्याकडे टिकले नाहीत. शेवटचा तर मोबाइलवर बोलत बोलत गाडीच्या मागेच येऊन उभा राहायचा. त्याला घरी पाठवलं आणि मीच उभी राहू लागले.

त्याच्याही आधीची गोष्ट. एका खडी क्रशरवर दुसऱ्याचं टिप्पर मागे येताना खडी भरणारी एक बाई चाकाखाली गेली. हे तेव्हा रांगेत गाडी घेऊन उभे होते. घरी आले ते बाजारातून क्लिनरसाठी एक शिट्टी घेऊनच. तेव्हापासून आमचा नियम एकच. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे या, एक लांब म्हणजे थांबा, आणि शिट्टी नाही तर गाडी मागे नाही. नवराबायकोत बोलणं बंद असलं तरी हा नियम चालूच असतो. एकदा भांडण झालं होतं तेव्हा अख्खा दिवस आम्ही नुसत्या शिट्टीवर मुरूम टाकला होता.

शेतमालक पन्नाशीचा, बोलका माणूस. ढीग कुठे पडावा यावर पहिल्या खेपेपासून त्याची टकळी चालू होती.

"भाऊ, आजून आत घ्या ना. त्या कोपऱ्यात. तिकडची जमीन लई भुकेली हाय."

"कोपऱ्यावरून तारा गेल्यात," मी म्हटलं. "गाळ वतायला गाडीचा हौदा वर उचलला की तारेला लागंल. मंग गाळाबरोबर आमचंच खत व्हईल तुमच्या रानात."

"वहिनी लई कडक हाय भाऊ आमची," तो म्हणाला.

"मला सांगून राह्यले का तुम्ही?" हे वरून म्हणाले, आणि दोघं हसले.

नांगरलेल्या रानात भरली गाडी घालायची तर आधी मी जमीन पायाने दाबून बघते. एका बाजूचं चाक रुतलेलं असताना हौदा उचलला की गाडी आडवी होते. ओला गाळ हौद्याला चिकटून बसतो. तो पाडायला बरेच ड्रायव्हर हौदा वर ठेवूनच गाडीला पुढे झटका मारतात. आम्ही ते करत नाही. हौदा खाली घेतो आणि फावड्याने खरडतो. वेळ जातो, पण गाडी उभी राहते.

जेवणाच्या आधीची खेप आली. मी जागा दाखवली, दोन शिट्ट्या दिल्या, गाडी मागे येऊ लागली. शेतमालक बाजूला उभा होता. एवढ्यात त्याला दिसलं की ठिबकची नळी चाकाच्या वाटेत पडली आहे. ती ओढायला तो एकदम गाडीमागे घुसून वाकला.

मी लांब शिट्टी दिली. गाडी थांबली नाही. पुन्हा दिली. गाडी येतच राहिली. मग शिट्टी टाकून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि सगळा जोर लावून ओढलं. तो नळीसकट गाळात उताणा पडला. तो वाकला होता त्या जागेवर चाक आलं आणि तिथे थांबलं.

"वहिनी, सदरा फाडला की हो!" तो हसत उठला. मग चाकाकडे बघितलं आणि परत खाली बसला. नळी त्याच्या हातात तशीच होती.

हे उतरून आले. अनवाणी. केबिनमध्ये ते कधी चपला घालून चढत नाहीत, गाडीला लक्ष्मी मानतात. चपला पायरीवर असतात.

"शिट्टी ऐकू न्हाई आली?"

"आली."

"मंग?"

"दाबला ना ब्रेक. हवा कमी झाली आसंल."

मी वर चढून ब्रेकच्या हवेचा काटा बघितला. हवा बराबर होती.

ती खेप रिकामी करून घेतली आणि त्या दिवसाचं काम बंद केलं. घरी जाताना मी केबिनमध्ये बसले आणि रस्ता सोडून त्यांच्या पायांकडे बघत राहिले. ब्रेक मारायच्या आधी दर वेळी त्यांची मान खाली जात होती. पाय कुठे आहे ते आधी बघायचे, मग दाबायचे. मागे येताना आरशात बघायचं की पायाकडे? दुपारी ते आरशात बघत होते आणि पाय ब्रेकवर नव्हता.

शुगर त्यांना बऱ्याच वर्षांपासून आहे. गोळ्या घेतात, मध्येच सोडतात.

घरी पोचलो. आमच्या घराला लागून मोकळी जागा आहे, पण गाडी वळवायला पुरत नाही. म्हणून गाडी भिंतीकडे तोंड करून लावतात आणि सकाळी मागे घेत बाहेर काढतात. हे उतरले तेव्हा पायरीवर ओला लाल डाग उमटला. त्यांना तो दिसला नाही.

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि पाय धुतला. टाचेला पुरीएवढा फोड येऊन फुटला होता, आत गाळ भरला होता. केबिनमधलं रबर झिजलंय, खालचा पत्रा इंजिनाने तापतो. त्या पत्र्यावर टाच भाजत राहिली आणि ह्यांना कळलं नाही.

"दुखतंय?"

"काय दुखायचंय त्यात?"

"तिकडं रस्त्याकडं बघा. सुई टोचते, टोचली की सांगा."

ते रस्त्याकडे बघत बसले. जरा वेळाने वैतागून म्हणाले, "टोच की मंग. किती वेळ?"

सुई केव्हाच आत होती.

त्यांनी वळून पाहिलं. सुई बघितली, माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

"मला सांगितलं न्हाई."

"सांगून काय करणार होतीस? गाडी बंद." मग आवाज खाली आला. "एवढा गाळ तरी टाकू दे. पाऊस पडला की तळं भरलं, काम संपलं."

"तो माणूस चाकाखाली होता."

"तू ओढला ना."

"दर वेळी मी न्हाई पुरायची."

"मंग मी काय करू? घरी बसून शेंगा फोडू? मला दुसरं काय येतं?"

त्यांच्या थोरल्या भावाचा पाय असाच आधी बधिर झाला, नंतर गुडघ्याखाली काढावा लागला. तो माणूस दारात खाट टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघत असतो. हॉर्नवरून गाडी ओळखतो. मी जखम धुतली, पट्टी बांधली, भाकरी केली. त्यांनी अर्धी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या आधी उठले. काच पुसली, उदबत्ती लावली, चपला पायरीवर काढून पट्टी बांधलेल्या पायाने आत चढले. इंजिन चालू केलं. मी रोजच्यासारखी मागे जाऊन उभी राहिले. रस्त्यावर माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. आरशात मला ते दिसत होते, त्यांना मी दिसत होते. शिट्टी मुठीत होती.

मी ती वाजवली नाही.

त्यांनी एकदा हॉर्न दिला. खिडकीतून डोकं काढलं. "वाजव ना." मी नुसती उभी राहिले. शिट्टीशिवाय मागे येण्यापासून त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण गाडी जागची हलली नाही. इंजिन बराच वेळ तसंच चालू राहिलं. मग बंद झालं.

ते खाली उतरले नाहीत. मी चारी मागच्या चाकांना दगड लावले आणि शेतमालकाला फोन करून सांगितलं, उरलेल्या गाळासाठी दुसरं टिप्पर बघा.